व्यावसायिक आइस हॉकी संघ आणि स्थानिक युवा क्लब

व्यावसायिक आइस हॉकी संघांनी आपल्या शहरातील व आसपासच्या युवा क्लबांना साहाय्य करण्याची प्रथा उत्तर अमेरिका आणि युरोपात दीर्घकाळापासून रूढ आहे. रोख अनुदान, खेळाचे साहित्य, प्रशिक्षकांचे मार्गदर्शन, बर्फाच्या मैदानावरील राखीव वेळ आणि नव्या मैदानांची उभारणी ही या साहाय्याची प्रमुख रूपे होत. भारतात नुसते ‘हॉकी’ म्हटले की मैदानी हॉकी अभिप्रेत असते. कॅनडा व अमेरिकेत मात्र याच शब्दाने बर्फावरचा खेळ ओळखला जातो. प्रस्तुत लेखात हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

उत्तर अमेरिकेतील या साहाय्याचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या निरीक्षकाला चमत्कारिक वाटते. संघ ज्या मुलांवर खर्च करतो, ती मोठी होऊन त्याच संघाकडून खेळतील याची कोणतीही शाश्वती नसते. नवोदित खेळाडूंची वाटणी साऱ्या संघांमध्ये एका सामाईक निवडप्रक्रियेने होत असल्यामुळे आपल्या अंगणात वाढलेल्या मुलावर संघाचा हक्क राहत नाही. युरोपात परिस्थिती बरीचशी उलट आहे. या एका फरकातून दोन्हीकडील युवा हॉकीची घडण, तिचे बळ आणि तिच्या अडचणी समजून घेता येतात.

प्रायोजकत्वाची जुनी पद्धत

आज ज्याला समाजकार्य म्हटले जाते त्याचा उगम व्यवहारात आहे. नॅशनल हॉकी लीग (एन.एच.एल.) या व्यावसायिक स्पर्धेची स्थापना १९१७ मध्ये मॉन्ट्रियल येथे झाली. १९४२ ते १९६७ या काळात तीत अवघे सहा संघ होते आणि खेळाडू मिळविण्याचा त्यांचा मुख्य मार्ग प्रायोजकत्वाचा होता. हे संघ कॅनडातील कनिष्ठ गटाच्या क्लबांना पैसा पुरवीत आणि त्या बदल्यात तेथील खेळाडूंवर हक्क मिळवीत. ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारपत्रावर एखाद्या मुलाने सही केली की त्याच्या भावी व्यावसायिक कारकिर्दीचा ताबा त्या संघाकडे जाई. मुलगा लहान असल्यास आईवडिलांची संमती घेतली जाई.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बॉबी ऑर याचे आहे. ऑर हा ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावचा. १९६१ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स संघाच्या निरीक्षकांच्या नजरेत तो भरला, तेव्हा तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. ब्रुइन्सने प्रथम त्याच्या गावातील बालसंघाला एक हजार डॉलरचे प्रायोजकत्व दिले. पुढच्या वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, ऑरने ब्रुइन्सशी करार केला. त्या व्यवहारात त्याच्या घराच्या भिंतींना नवा गिलावा करून देण्याचे आश्वासनही होते. १९६६ मध्ये तो बॉस्टनकडून खेळू लागला आणि १९७० व १९७२ असे दोनदा त्याने संघाला स्टॅनले कप जिंकून दिला. गावच्या बालसंघाला दिलेले हजार डॉलर ही हॉकीच्या इतिहासातील कदाचित सर्वांत फायदेशीर देणगी ठरावी.

ही पद्धत फार काळ टिकणार नव्हती. श्रीमंत आणि दूरदर्शी संघ अधिकाधिक गावे बांधून घेत आणि बाकीच्यांच्या वाट्याला उरलेले खेळाडू येत. ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रियलमध्ये एन.एच.एल.चा पहिला ‘ड्राफ्ट’ पार पडला. कोणत्याही संघाशी बांधील नसलेल्या तरुण खेळाडूंमधून संघांनी आळीपाळीने निवड करावी, असे त्याचे स्वरूप होते. त्या पहिल्या वर्षी फक्त एकवीस खेळाडू निवडले गेले, कारण बहुतेक चांगली मुले आधीच कुठल्या ना कुठल्या संघाच्या यादीत होती. पुढील काही वर्षांत प्रायोजकत्व टप्प्याटप्प्याने संपविण्यात आले आणि दशक संपताना ड्राफ्ट हाच खेळाडू मिळविण्याचा राजमार्ग झाला. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. अलीकडे पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडतही काढली जाते.

ड्राफ्टमुळे मुलांच्या गळ्यातले दावे सुटले, पण गावच्या क्लबाला पैसा देण्याचे संघांचे जुने कारणही त्याबरोबर संपले. त्यानंतर बालहॉकीचा भार प्रामुख्याने पालक, नगरपालिका, स्थानिक व्यापारी आणि स्वयंसेवक यांच्यावर पडला. व्यावसायिक संघ त्या क्षेत्रात पुन्हा उतरले ते वेगळ्या हेतूने. आता त्यांना नुसता खेळाडू नको होता, तर खेळाची गोडी लागलेले कुटुंब हवे होते. लहानपणी स्केट पायांत चढविलेले मूल पुढे तिकीट घेणारा प्रेक्षक होते, हा हिशेब संघांनी कधी लपविलेला नाही.

युरोपातील क्लब

स्वीडन, फिनलंड, जर्मनी इत्यादी देशांत व्यावसायिक संघ हा बहुधा एखाद्या जुन्या क्रीडामंडळाचा सर्वांत वरचा मजला असतो. त्याच मंडळाच्या खालच्या मजल्यांवर निरनिराळ्या वयोगटांतील मुले खेळत असतात. स्वीडनमध्ये तर व्यावसायिक संघासाठी कंपनी काढली तरी मताधिकाराचे बहुमत सभासदांच्या मंडळाकडेच राहिले पाहिजे, असा नियम आहे. तेथे युवा हॉकीला ‘साहाय्य’ करण्याची भाषाच थोडी विसंगत वाटते, कारण क्लब स्वतःच्याच मुलांवर खर्च करीत असतो.

उत्तर स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक हे सुमारे तीस हजार वस्तीचे गाव या व्यवस्थेचे बोलके उदाहरण होय. तेथील मोडो या क्लबातून पेटर फोर्सबर्ग, मार्कुस नॅसलुंड, डॅनियल व हेन्रिक सेदिन हे जुळे भाऊ आणि व्हिक्टर हेडमन असे एकाहून एक खेळाडू निघाले. सेदिन बंधूंना १९९९ च्या ड्राफ्टमध्ये व्हँकुव्हर संघाने लागोपाठ दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर निवडले. हेडमन २००९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर टँपा बे संघाकडे गेला. मोडोच्या मुख्य संघाला मात्र हे वैभव राखता आले नाही. २०१६ मध्ये तो स्वीडनच्या सर्वोच्च लीगमधून खाली घसरला, २०२३ मध्ये वर चढला आणि २०२५ मध्ये पुन्हा घसरला. खेळाडू घडविण्याची ख्याती आणि गुणतालिकेतील स्थान यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

जर्मनीत राष्ट्रीय महासंघाने क्लबांच्या युवा विभागांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली आहे. मानहाइम येथील आडलर संघाचा युवा विभाग ‘युंगआडलर’ हा तेथील अग्रगण्य विभाग मानला जातो. लेऑन ड्रायझाइटल, मोरिट्झ झायडर आणि टिम श्टुट्झले हे तिघेही तेथे खेळले आणि अनुक्रमे २०१४, २०१९ व २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या सहा क्रमांकांत निवडले गेले. एखादा युरोपीय खेळाडू एन.एच.एल.मध्ये गेला की आंतरराष्ट्रीय महासंघाशी झालेल्या हस्तांतरण करारांनुसार भरपाईची रक्कम दिली जाते. त्यामुळे चांगला खेळाडू घडविणे हे युरोपीय क्लबाला काही अंशी उत्पन्नाचेही साधन ठरते. अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या बालक्लबाला असे काही मिळत नाही.

खर्चाचा प्रश्न

व्यावसायिक संघांच्या मदतीला एवढे महत्त्व का, हे या खेळाच्या खर्चावरून ध्यानात येते. फुटबॉलसाठी एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. हॉकी शिकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही स्केट, जाळी लावलेले शिरस्त्राण, खांदे, कोपर व नडगी यांची कवचे, जाड हातमोजे, विशिष्ट विजार आणि काठी एवढे सारे लागते. मूल वाढते, तसे हे साहित्य दर एक-दोन वर्षांनी अपुरे पडते. गोलरक्षकाचा साज तर इतका महाग असतो की अनेक क्लब तो स्वतः विकत घेतात आणि लहान गटांतील मुलांना आळीपाळीने वापरायला देतात. मोठ्या भावंडाचे साहित्य धाकट्याला आणि धाकट्याचे शेजाऱ्याला, ही रीत हॉकीच्या घरांत सर्रास आढळते.

याहून मोठा खर्च बर्फाचा. रिंक म्हणजे कृत्रिमरीत्या गोठविलेले मैदान. एन.एच.एल.च्या मापाचे रिंक २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असते. त्याखालील नळ्यांतून सतत शीतद्रव फिरवावा लागतो, हवेतील दमटपणा काढावा लागतो आणि दर थोड्या वेळाने यंत्राने बर्फाचा पृष्ठभाग खरवडून त्यावर पाण्याचा नवा थर द्यावा लागतो. त्यामुळे अमेरिकेतील शहरांत रिंकचे एका तासाचे भाडे कित्येकदा काहीशे डॉलर पडते. हे भाडे क्लबातील कुटुंबे वाटून घेतात. सोयीच्या वेळा मोठ्यांच्या संघांनी आणि सार्वजनिक स्केटिंगने व्यापलेल्या असल्या की मुलांचा सराव पहाटे होतो. त्याखेरीज परगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च असतो, आणि वरच्या गटांत तो इतर सर्व खर्चांना मागे टाकतो.

साहाय्याची स्वरूपे

संघांची बहुतेक मदत खेळाच्या उंबरठ्यावर असते. ‘लर्न टू प्ले’ हा एन.एच.एल. आणि खेळाडूंची संघटना यांचा संयुक्त उपक्रम सुमारे पाच ते नऊ वर्षांच्या, पूर्वी कधीही हॉकी न खेळलेल्या मुलांसाठी आहे. त्यात मुलाला डोक्यापासून पायांपर्यंतचे साहित्य आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळते. त्या त्या शहरातील संघ हा उपक्रम स्थानिक रिंक व क्लबांच्या साह्याने चालवितो आणि अनेक ठिकाणी निवृत्त खेळाडू शिकवायला उभे राहतात. त्यासाठी लागणारा पैसा ‘इंडस्ट्री ग्रोथ फंड’ या निधीतून येतो. मालक आणि खेळाडू यांच्यातील २०१३ च्या करारात या निधीची तरतूद झाली. कॅनडात ‘फर्स्ट शिफ्ट’ हा याच धर्तीचा कार्यक्रम आहे.

शिकविण्याची पद्धत बदलण्यातही एन.एच.एल.चा पैसा कामी आला. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये ‘अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेल’ नावाचा आराखडा आणला आणि त्याला एन.एच.एल.ने आर्थिक पाठबळ दिले. आठ वर्षांखालील मुलांनी संपूर्ण रिंकवर न खेळता रिंकच्या रुंदीत आखलेल्या छोट्या मैदानावर खेळावे, हा त्यातला सर्वांत ठळक बदल. पालकांचा त्याला सुरुवातीला बराच विरोध झाला. आपले मूल ‘खऱ्या’ मैदानावर दिसावे, अशी त्यांची इच्छा असे. परंतु मोठ्या मैदानावर एखाद-दुसरे धावरे मूल चकती घेऊन सुटते आणि बाकीची मुले नुसती मागून घसरत राहतात. लहान मैदानावर प्रत्येकाच्या काठीला चकती लागते. शिवाय एकाच रिंकवर एकाच वेळी कितीतरी अधिक मुले सराव करतात आणि भाड्याची विभागणी होते. कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१७ मध्ये सर्वांत लहान गटासाठी हाच मार्ग पत्करला.

काही साहाय्य दिसायला किरकोळ असते. व्यावसायिक सामन्याच्या दोन सत्रांमध्ये अठरा मिनिटांची विश्रांती असते. तेवढ्यात एखाद्या स्थानिक क्लबाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा छोटा सामना भरलेल्या प्रेक्षागृहासमोर खेळवला जातो. अनेक प्रेक्षागृहांत ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची सोडत असते. जमलेल्या रकमेतील निम्मा भाग विजेत्याला आणि उरलेला निम्मा संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाला मिळतो. त्यातून युवा क्लबांना अनुदाने दिली जातात.

सर्वांत टिकाऊ मदत मात्र रिंकची. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाच्या बालप्रतिष्ठानाने क्वेबेक प्रांतातील गरीब वस्त्यांत दहाहून अधिक उघडी, शीतयंत्रणा बसविलेली रिंक बांधली आहेत. तेथील हिवाळा आता पूर्वीसारखा सलग गोठलेला राहत नसल्याने नैसर्गिक बर्फावर विसंबून मोहीम आखता येत नाही. नव्या संघांनी तर सरावासाठी लागणारी रिंक बांधतानाच ती लोकांसाठी खुली ठेवली. सिअ‍ॅटल क्रॅकन संघ २०२१ मध्ये मैदानात उतरला, त्याच वर्षी त्याच्या सराव-संकुलातील तीन रिंक शहरासाठी उघडली गेली. सकाळी व्यावसायिक खेळाडू ज्या बर्फावर सराव करतात, त्यावरच संध्याकाळी शाळकरी मुले उतरतात. डॅलसच्या उपनगरांत नगरपालिकांनी बांधलेली आणि डॅलस स्टार्स संघाने चालविलेली रिंक आहेत. हा संसार दोघांनाही सोयीचा ठरला आहे.

शहरी वस्त्यांतील उपक्रम

आइस हॉकी हा दीर्घकाळ गोऱ्या आणि सुस्थितीतील कुटुंबांचा खेळ राहिला. विली ओ’री हा एन.एच.एल.मध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनकडून मैदानात उतरला, परंतु त्यानंतरही बदल मंदगतीने झाला. १९९८ पासून ओ’री लीगच्या वतीने देशभर फिरून वंचित वस्त्यांतील मुलांना भेटू लागला. या कामाची आणि कारकिर्दीची दखल म्हणून २०१८ मध्ये त्याला हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. त्याच्या नावाने दिला जाणारा समाजसेवेचा पुरस्कार २०२० मध्ये कॅल्गरीचे डॅम्पी ब्रार यांना मिळाला. दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांसाठी हॉकी शिबिरे चालविणाऱ्या ‘अपना हॉकी’चे ते सहसंस्थापक आहेत.

या क्षेत्रातील पुढाकार अनेकदा संघांचा नव्हता, हे नमूद करायला हवे. वॉशिंग्टनच्या आग्नेय भागातील फोर्ट ड्युपॉन्ट क्लब नील हेन्डरसन यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. अल्पसंख्याक मुलांसाठी चालणारा उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुना हॉकी क्लब म्हणून तो ओळखला जातो. न्यू यॉर्कमधील ‘आइस हॉकी इन हार्लेम’ १९८७ मध्ये उभी राहिली. वॉशिंग्टन कॅपिटल्स, न्यू यॉर्क रेंजर्स या संघांची मदत आणि लीगची ‘हॉकी इज फॉर एव्हरीवन’ ही छत्री त्यांना नंतर लाभली. अगोदर कोणीतरी पदरमोड करून, जुने साहित्य गोळा करून मुले बर्फावर आणली होती.

फिलाडेल्फियातील काम मात्र सरळ संघाच्या मालकाकडून सुरू झाले आणि त्याची व्याप्तीही निराळी आहे. फिलाडेल्फिया फ्लायर्स संघाचे संस्थापक एड स्नायडर यांनी २००५ मध्ये युवा हॉकीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. २००८ च्या आर्थिक संकटात नगरपालिकेने खर्चकपातीसाठी सार्वजनिक रिंक बंद करण्याचे ठरविले, तेव्हा प्रतिष्ठान पुढे आले. त्याने रिंक चालविण्याची जबाबदारी उचलली आणि पुढे त्यांतील काहींचे नूतनीकरण करून ती वर्षभर वापरता येतील अशी केली. येथे मुलांना प्रशिक्षण, साहित्य आणि बर्फावरचा वेळ विनामूल्य मिळतो. त्याच्या जोडीला अभ्यासवर्ग असतात आणि शाळेतील प्रगतीवर लक्ष ठेवले जाते. प्रतिष्ठान मुलाला एका हंगामानंतर सोडून देत नाही. शालेय शिक्षण संपेपर्यंत त्याची साथ करते. स्नायडर यांचे २०१६ मध्ये निधन झाले, तरी स्वतंत्र निधी असल्यामुळे काम थांबले नाही. संघाची कामगिरी किंवा मालकाची मर्जी यांवर न विसंबणारी अशी व्यवस्था विरळाच आहे.

टीका

संघांच्या उपक्रमांवरील मुख्य आक्षेप असा की मदत दारापर्यंत पोचविते आणि तेथेच थांबते. पहिल्या वर्षी साहित्य आणि प्रशिक्षण जवळपास फुकट मिळते. दुसऱ्या वर्षी मूल क्लबात दाखल झाले की शुल्काचा पूर्ण बोजा पालकांवर येतो. खेळाची गोडी लागलेल्या मुलाला परवडत नाही म्हणून थांबविणे हे त्याला कधी न शिकविण्यापेक्षा अधिक कठीण असते. उपक्रमांच्या अहवालांत नव्याने आलेल्या मुलांचा आकडा ठळकपणे दिला जातो, परंतु तीन-चार वर्षांनी त्यांतील किती मुले खेळत राहिली हा आकडा यशाचे अधिक खरे माप ठरेल.

दुसरा आक्षेप संघांच्या नावाने चालणाऱ्या निवडक युवा संघांविषयी आहे. ‘ज्युनियर किंग्ज’, ‘ज्युनियर डक्स’, ‘ज्युनियर शार्क्स’ अशी नावे आणि प्रसिद्ध बोधचिन्हे पाहून परिसरातील गुणी मुले तिकडे ओढली जातात आणि लहान क्लबांचे वरचे गट पोकळ होतात. अर्थात या संघांत प्रशिक्षण उत्तम असते आणि त्यांनी अनेक खेळाडू घडविले, हेही तितकेच खरे. डेट्रॉइट परिसरात माइक इलिच यांनी आपल्या ‘लिटल सीझर्स’ या पिझ्झा व्यवसायाच्या नावाने १९६८ मध्येच बालहॉकीला आश्रय दिला. डेट्रॉइट रेड विंग्ज हा संघ त्यांनी विकत घेतला तो त्यानंतर चौदा वर्षांनी, १९८२ मध्ये. त्यांच्या बाबतीत युवा संघ आधी आणि व्यावसायिक संघ नंतर, असा क्रम होता.

मुलींच्या हॉकीकडे व्यावसायिक संघांचे लक्ष उशिरा गेले. जानेवारी २०२४ मध्ये महिलांची नवी व्यावसायिक लीग, पी.डब्ल्यू.एच.एल., सुरू झाल्यावर मुलींसमोर प्रथमच स्थिर वेतनाचे क्षितिज दिसू लागले.

उष्ण प्रदेशातील शहरे

९ ऑगस्ट १९८८ रोजी वेन ग्रेट्झ्की हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू एडमंटनहून लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला आणि कॅलिफोर्नियात हॉकीची लाट आली. १९९१ मध्ये सॅन होजे आणि १९९३ मध्ये अ‍ॅनाहाइम येथे नवे संघ उभे राहिले. १९९३ मध्येच मिनेसोटाचा संघ डॅलसला, तर १९९६ मध्ये विनिपेगचा संघ फीनिक्सला गेला. (बर्फाचा पृष्ठभाग नितळ करणारे झँबोनी यंत्रही १९४९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातच तयार झाले होते, तेव्हा या प्रदेशाला बर्फ अगदीच परका नव्हता.) येथे तळी गोठत नाहीत, वडिलांनी खेळलेला खेळ मुलाला वारशाने मिळत नाही. त्यामुळे व्यावसायिक संघ हाच युवा हॉकीचा उगम झाला.

त्याची फळे यायला पंधरा-वीस वर्षे लागली आणि ती कोणाच्या ओंजळीत पडली हे पाहण्यासारखे आहे. ब्लेक कोलमन टेक्सासमधील प्लेनो या डॅलसच्या उपनगरात जन्मला आणि स्टार्स संघ पाहत वाढला. २८ सप्टेंबर २०२० रोजी स्टॅनले कपच्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात टँपा बे संघाने डॅलसला २–० असे हरवून चषक जिंकला, तेव्हा दुसरा गोल याच कोलमनचा होता. ऑस्टन मॅथ्यूज अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथे वाढला; फीनिक्स कोयोटीजचे सामने पाहून त्याला हॉकीचे वेड लागले. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, तो टोरँटोकडून. याच्या उलटही कधीतरी घडते. कॅनडात जन्मलेला मॅकलिन सेलेब्रिनी वडिलांच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आला आणि सॅन होजेच्या ज्युनियर शार्क्समध्ये खेळला. २०२४ मध्ये सोडतीच्या कृपेने पहिली निवड सॅन होजेकडे आली आणि त्यांनी त्यालाच घेतले.

संघ शहर सोडून जातो तेव्हा

अमेरिकेत व्यावसायिक संघ ही मालकाची मालमत्ता असते आणि ती हलविता येते. युवा क्लब हलविता येत नाही. या विषमतेची कसोटी अ‍ॅरिझोनात लागली. ग्लेनडेल शहराने करार न वाढविल्यामुळे कोयोटीज संघ २०२२ पासून टेंपी येथील विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या प्रेक्षागृहात खेळू लागला. व्यावसायिक संघाच्या मानाने ही जागा फारच तोकडी होती. मे २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांनी नव्या प्रेक्षागृहाचा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला. १७ एप्रिल २०२४ रोजी संघाने तेथील शेवटचा सामना खेळला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे खेळाडू व कर्मचारी सॉल्ट लेक सिटीला जाणार असल्याचे जाहीर झाले. तोच संघ आज यूटा मॅमथ म्हणून ओळखला जातो.

कोयोटीजच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुक्कामात अ‍ॅरिझोनात युवा क्लबांचे जाळे तयार झाले होते. मॅथ्यूजच्या पाठोपाठ फीनिक्समध्ये जन्मलेला मॅथ्यू नाइस आणि कोयोटीजचा दीर्घकाळचा कर्णधार शेन डोन याचा मुलगा जॉश हेही एन.एच.एल.पर्यंत पोचले. २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघातील लिंडसी फ्राय हिने मायदेशी परतून मुलींचा ‘काचिनाज’ हा कार्यक्रम उभारला, त्याला संघाचे पाठबळ होते. संघ गेल्यावर रिंक आणि क्लब जागेवर राहिले. विद्यापीठाचा संघही त्याच प्रेक्षागृहात खेळत आहे. गेले ते नव्या मुलाला पहिल्यांदा बर्फाकडे खेचणारे आकर्षण आणि साहित्य पुरविणारा सर्वांत मोठा देणगीदार. अशी झळ आधीच्या मुलांना फारशी जाणवत नाही. ती पुढच्या पिढीच्या नोंदणीत दिसते. अटलांटा शहराने हा अनुभव दोनदा घेतला आहे. १९८० मध्ये तेथील संघ कॅल्गरीला आणि २०११ मध्ये दुसरा संघ विनिपेगला गेला.

मिनेसोटाचा अनुभव वेगळा आहे. १९९३ मध्ये नॉर्थ स्टार्स संघ डॅलसला गेल्यावर राज्यात सात वर्षे एन.एच.एल.चा संघ नव्हता. पण तेथील बालहॉकी गावोगावच्या संघटनांवर, थंडीत गोठणाऱ्या सार्वजनिक मैदानांवर आणि शाळांवर उभी आहे. मूल सामान्यतः आपल्या वस्तीच्या संघाकडून आणि पुढे आपल्या शाळेकडून खेळते. १९४५ पासून चालत आलेली राज्याची शालेय स्पर्धा त्या सातही वर्षांत नेहमीप्रमाणे झाली आणि तिला गर्दीही झाली. २००० मध्ये मिनेसोटा वाइल्ड हा नवा संघ सेंट पॉल येथे आला, तेव्हा त्याला प्रेक्षक घडवावे लागले नाहीत.